एका हाताचं धुकं

गावातल्या निम्म्या भिंती ज्याने रंगवल्या, त्या रंगाऱ्याला सगळे ‘डबल’ म्हणत. कारण सरळ होतं. घरमालक कितीही घाईत असो, रंगाचा एकच हात मारून हा माणूस कधी शिडीवरून उतरला नाही. पहिला सुकला की दुसरा, आणि दुसऱ्यातही कुठे डाग दिसला तर तिसरा. “एका हाताचा रंग म्हणजे अर्धी आंघोळ,” असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं आणि त्याची त्याला थोडी घमेंडही होती. असायलाच हवी, त्याच्या भिंतींना पोपडे धरत नसत.

साठी उलटल्यावर या डबलने जलरंगाचा क्लास लावला, तेव्हा शेजारीपाजारी हसले. पण ही म्हातारपणीची हौस नव्हती. बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, त्यामुळे चढावरचं हे घर सोडून महिनाअखेरीस सपाटीवर, मुलीच्या शेजारी राहायला जायचं ठरलं होतं. बायकोने भांडी वाटली, कपाट देऊन टाकलं, कशासाठी हळहळली नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, “तिकडे ओट्यासमोर नुसती भिंत आहे. मला ही खिडकी काढून द्या. सकाळची, धुक्यातली. एवढी वर्षं लोकांची घरं रंगवलीत, आता एक माझं काम करा.”

संसारात तिने तोंड उघडून मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या. नाही कसं म्हणणार?

क्लास शनिवारी, वाचनालयाच्या माडीवर. शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि समोर आजोबा बसले असले तरी त्यांना सहावीची पोरंच दिसायची. “कागद आधी ओला करा,” त्या म्हणाल्या. “ओल्यावर रंग सोडा आणि गप्प बसा. धुकं तुम्ही काढायचं नसतं, ते पाणी काढतं. बारीकसारीक काय ते कागद सुकल्यावर.”

डबलने कागद ओला केला, राखाडी रंग सोडला. रंग पसरला, कुठे गडद, कुठे फिका, कडा विस्कटलेल्या. इतर लोक “वा, वा” करायला लागले, डबलला मात्र ते बघवेना. त्याच्या धंद्यात याला ओल म्हणतात, आणि ओल दिसली की घरमालक बोंब मारतो. बाईंची पाठ वळताच त्याने रुंद ब्रश घेतला आणि सगळं कसं एकसारखं करून टाकलं.

बाईंनी कागद वर धरला. “हे काय?”

“धुकं.”

“ही भिंत आहे,” बाई म्हणाल्या. “उत्तम रंगवलीय.”

घरी बायकोनेही कागद निरखून पाहिला. “खिळा कुठे ठोकायचा ते सांगा,” म्हणाली, आणि इतकी हसली की डबललाही हसू आवरेना.

जित्याची खोड म्हणतात ती ही. पुढचे दोन शनिवार आणखी दोन भिंती झाल्या. चौथ्या शनिवारी बाईंनी त्याला हाताची घडी घालून बसवलं, तरी बोटं वळवळतच होती. आणि मग महिना संपला.

सामान बांधून झालं होतं. टेम्पो दहाला येणार होता. खिडकीबाहेर मात्र धुकं असं उतरलं होतं की पाण्याची टाकी कमरेपासून खाली गायब. डबलने स्टुलावर फळी ठेवली आणि उरलेला एकुलता एक चांगला कागद ओला केला. टाकी जमली, झाडं जमली. चढाच्या रस्त्यावर मात्र पाण्याचा एक ओघळ आला आणि हा भलामोठा डाग फुलला. डबलचा हात ब्रशकडे गेला.

“अहो, चहा,” बायको म्हणाली आणि तिने काठोकाठ भरलेला कप त्याच्यापुढे धरला. “दोन्ही हातांनी धरा. बश्या बांधल्यात.”

चटके बसत होते, सांडायची भीती होती. डबल मुकाट्याने फुंकर मारत पीत राहिला. कप रिकामा झाला तोवर कागद सुकला होता, आणि तो डाग म्हणजे हुबेहूब रस्त्यावर बसलेलं धुकं झालं होतं. डबल बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक डाग आवडला.

बायकोने टाकी ओळखली, झाडं ओळखली, रस्ता कुठे नाहीसा होतो ते बोटाने दाखवलं. मग म्हणाली, “आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही कुठे आहात यात? मी काय एवढी वर्षं टाकी बघत होते? खांद्यावर शिडी घेऊन निघायचात. धुक्यात शिडी दिसेनाशी होईपर्यंत मी इथे उभी असायचे. एकदाही मागे वळून बघितलं नाहीत.”

डबलला वाटायचं, ती दार लावून कामाला लागत असेल. त्याला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

“सांगायचंस तरी,” तो म्हणाला.

“सांगून वळण्यात काय मजा?”

डबलने सगळ्यात बारीक ब्रश घेतला. धुक्याच्या कडेला तांदळाएवढा माणूस काढला, त्याच्या खांद्यावर शिडी दिली. मग श्वास रोखून त्या माणसाचं तोंड खिडकीकडे वळवलं. इतक्या लहान चित्रात ते परक्याला कळणार नव्हतं. तिला कळलं.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दोनदा वाजला.

“थांब म्हणावं त्याला,” ती कागदावरची नजर न काढता म्हणाली. “अजून ओलं आहे.”