बोर्ड भरला, ट्रक सुटला

आमचे हे कारखान्यात सेफ्टी विभागात होते. हे वाक्य मी आज सहज लिहिते, पण त्या वर्षांत ते मला रोज सोसावं लागत होतं. भिलाईत तेव्हा एकीकडे भट्ट्या पेटत होत्या, दुसरीकडे आमच्या क्वार्टरच्या मागे अजून पाया खणणं चालू होतं, आणि ह्यांच्या डोळ्यांना जिथे तिथे अपघातच दिसायचा. स्टोव्ह पेटवायचा तर बादलीभर रेती बाजूला ठेवून. दोरीवर लुगडं वाळत घालायचं तर दोरी कुणाच्या गळ्याच्या उंचीला येत नाही ना, ते आधी बघून. माझ्या आईने साकोलीला विहिरीवर बिनधास्त चाळीस वर्षं काढली, पण ती आमच्याकडे आली तेव्हा न्हाणीघरात "पाय घसरेल" म्हणून ह्यांनी तिला असं काही बजावलं की ती दोन दिवस अंघोळीला जायलाच भ्यायली.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या ओळीतल्या मराठी घरांनी सहल सोपवली.

सहल कुठे, तर कांकेरच्या वाटेवर मोठा रस्ता सोडून चार मैल आत जंगलात एक जुनं दगडी देऊळ होतं, तिथे. कोणी म्हणे हजार वर्षांचं, कोणी म्हणे पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं. जुनं काही दिसलं की आपल्याकडे पांडवांच्या नावावर टाकून मोकळं होतात. पण त्या साली तिकडचा मुलूख बरा नव्हता. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचं, धान वसूल करायला गेलेल्या सरकारी माणसांना गावांनी अडवलं होतं, पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या, आणि कुऱ्हाडी घेऊन माणसं रस्त्यावर बसतात अशा बातम्या आमच्या भिलाईत खुर्सीपारच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचल्या होत्या. मी म्हटलं, आपण राजिमला जाऊ, नदी आहे, देवळं आहेत, गुमान दर्शन घेऊन येऊ. पण नाही. ह्यांचं म्हणणं असं की धोका जागेत नसतो, बेशिस्तीत असतो.

"कायदा पाळला तं भट्टीच्या तोंडाशीबी मानूस सुखरूप राह्यते," हे म्हणाले. "देवळाचं काय घेऊन बसली?"

मग फुलस्केप कागदावर सतरा नियम उतरले. दागिने घालायचे नाहीत. गावात शिरायचं नाही. गावकऱ्यांपासून दहा हात दूर राहायचं. कोणाचा फोटो काढायचा नाही. खांबाला टेकायचं नाही. मंडपात शिरताना हेल्मेट घालायचं, कारण वरचे दगड सुटे असू शकतात. हो, हेल्मेट! कारखान्यातली टाकाऊ पिवळी हेल्मेटं ह्यांनी गोळा केली होती, आणि लुगड्यातल्या आम्ही बायका पदरावर ती घालून हजार वर्षांच्या देवासमोर हात जोडणार होतो. अकरावा नियम मात्र जड अक्षरात होता: चारनंतर ट्रक कोणत्याही कारणासाठी आत परत न्यायचा नाही. तो ह्यांनी कारखान्यातूनच आणला होता. गॅसच्या जागेत एक माणूस पडला तर दुसऱ्याने तसाच आत धावायचं नाही, नाही तर एकाचे दोन होतात. नियम बरोबरच होता. मला तेव्हा कुठे माहीत की त्यातला पडणारा माणूस मी असणार.

आणि टोकन. कारखान्यात धोक्याच्या जागी जाणारा माणूस आपलं टोकन बोर्डावर टांगतो, बाहेर आला की काढतो, म्हणजे आत कोण आहे ते खिळ्यांवरून कळतं. ह्यांनी लेकरंबाळं धरून एकवीस माणसांची एकवीस पत्र्याची टोकनं कापून घेतली, त्यांवर आकडे ठोकले, आणि एकवीस खिळ्यांचा बोर्ड ट्रकच्या फाळक्याला बांधला. उतरताना ज्याने त्याने आपलं टोकन काढायचं, चढताना आपल्याच हाताने टांगायचं. बोर्ड भरला म्हणजे माणसं भरली.

"एकवीस लोकं हात वर करून मोजता येत नाही का?" मी विचारलं.

"मोजण्यात मानूस चुकते," हे म्हणाले. "बोर्ड नाही चुकत."

पहाटे निघालेला ट्रक उन्हं डोक्यावर आली तेव्हा मोठ्या रस्त्यावरच्या नाक्याला पोचला. तिथल्या शिपायाने ह्यांचे सतरा नियम वाचले आणि एवढंच म्हणाला, "चार बजे के पहले निकल जाना साहब, माहौल ठीक नहीं है." देवळाशी उतरलो तेव्हा मी माझं टोकन पदराला बांधायला घेतलं, तर ह्यांनी ते हातातून काढलं. "हरवशीन तू," म्हणाले आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलं, आपल्या टोकनाच्या जोडीला. सतरा नियम लिहिणाऱ्या माणसाने टोकनाचा नियम तिथेच मोडला, पण बायकोच्या वस्तू नवऱ्याच्या खिशात असणं हा कोणालाच नियमभंग वाटत नाही, मलाही वाटला नाही.

देऊळ सुंदर होतं. एवढं कबूल करते. पण बघू कोण देतंय? एका कललेल्या खांबाला ह्यांनी लाल फडकं बांधलं, उंबऱ्याशी उभे राहून चार-चार जणांना आत सोडलं, आणि मी शिल्पातला हत्ती बघत होते तेवढ्यात "पुढे सरका" म्हणून हाकलं. डबे उघडून जेवणं झाली. आणि मग नियमांचं घोडं अडलं. सतरा नियमांत बायकांनी जायचं कुठे, याला एकही नियम नव्हता. पुरुष झाडाआड जाऊन मोकळे झाले. आम्ही सहा बायका सकाळपासून कळ काढून होतो.

शेवटी देवळामागच्या उताराखाली कोरड्या ओढ्यात जायचं ठरलं. एकीने जायचं, दुसरीने वर उभं राहायचं. मी सेफ्टीवाल्याची बायको, म्हणून साऱ्याजणींची राखण मीच केली, आणि सगळ्यात शेवटी गेले. माझी राखण करायला कोणी उरलं नव्हतं.

मी खाली असतानाच वरून ओरडा ऐकू आला. नंतर कळलं ते असं: जंगल खात्याचा एक माणूस सायकलवरून आला आणि म्हणाला, रस्त्याकडे जमाव चालला आहे, लगेच निघा. झालं, सारे ट्रककडे पळाले, ज्याने त्याने टोकन टांगलं, आणि ह्यांनी खिशात हात घालून दोन्ही टोकनं टांगली, आपलं आणि माझं. बोर्ड भरला. ह्यांनी शिट्टी फुंकली आणि ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मागच्या बायकांना वाटलं मी पुढे नवऱ्याजवळ आहे. ह्यांना वाटलं मी मागे बायकांत आहे. मी काटेरी उतार चढून वर आले, ट्रकमागे "अहो! अहो!" करत धावले. पण ट्रकमध्ये सहा अहो होते, आणि इंजिनाच्या आवाजात त्यातल्या एकालाही ते ऐकू आलं नाही.

धूळ बसली. मी एकटी. मला आधी राग आला, खरंच, भीती नंतर आली. मंडपाच्या पायरीवर बसून मी ह्यांना मनातल्या मनात जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग पानं वाजली.

झाडांतून चार-पाच माणसं बाहेर आली. खांद्यावर कुऱ्हाडी. नियमाप्रमाणे ज्यांच्यापासून दहा हात दूर राहायचं, तीच. पण गंमत अशी की मला बघून तीच थबकली. एक बाई मोहफुलांची टोपली टाकून मागे पळाली. मी उभी राहिले तशी पुढच्याने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली, माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ये टोपी ला उतार बाई."

हेल्मेट! ते माझ्या डोक्यावरच होतं. त्या गावात कडक टोपी घालून पोलीसच येत होते, आणि आले की काय करत होते ते त्या लोकांना ठाऊक होतं. मी ते काढून फेकलं, अंबाडा सुटला, आणि म्हातारी हसली. सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूनेच माझा जीव घेतला असता.

म्हातारी माझ्याजवळ पायरीवर बसली. पाणी दिलं. किती माणसं होती, कुठून आलात, काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "तोर घरवाला छोड़ के चल दिस का?" नवरा सोडून गेला का? मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं. तिने ते भाषांतर करून बाकीच्यांना सांगितलं असावं, कारण कुऱ्हाडवाल्यांनी फार वाईट वाटल्याचं तोंड केलं. माझी भीती अर्धी गेली, पण उन्हं उतरत होती. अंधारात मी या जंगलात, चिडलेल्या गावाजवळ, काय करणार होते? आणि चार वाजून गेले होते. अकरावा नियम मला तोंडपाठ होता. हे नियम मोडणारे नव्हेत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? ट्रक येणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

ट्रक आला नाही. आली ती शिट्टी. एक लांब, दोन आखूड. वळणावरून नाक्यावरच्या शिपायाची सायकल येत होती, आणि तिच्यावर पिवळं हेल्मेट घालून आमचे हे, तोंडात शिट्टी. पुढचा कुऱ्हाडवाला उठला. दुसरा झाडाआड सरकला. मी पायरीवरून उडी टाकली आणि ओरडले, "टोपी काढा! अहो, टोपी काढा आधी!"

"कावून?" ह्यांनी शिट्टी काढून विचारलं. कावून! कुऱ्हाडी उचललेली माणसं समोर, आणि ह्यांना कारण पाहिजे.

मी धावत जाऊन ह्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट उपटलं आणि झुडपात भिरकावलं. हनुवटीचा पट्टा तुटला. म्हातारीने विचारलं, "इही आय का?" हाच का तो? मी म्हटलं, हाच. त्यावर ती सारी माणसं इतकी हसली की कुऱ्हाडी टेकून हसली. ह्यांच्या तोंडून मात्र पहिलं वाक्य आलं ते असं:

"तुयं टोकन तं बोर्डावर होतं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. "टांगलं कोनं? मी का?"

"मीच टांगलं," हे हळूच म्हणाले. "नाक्यावर शेजारच्या वहिनींनं इचारलं तवा समजलं."

कुऱ्हाडवाल्यांतला एकजण आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला पुढे निघाला. मी कॅरियरवर बसले आणि तोंड सोडलं. सतरा नियम, हेल्मेटं, लाल फडकं, एकेक काढून मोजलं. हे सायकल मारत होते. शेवटी मी विचारलं, "ट्रक काहून नाही आणला?"

"बाकीचे एकोणीस लोकं होते त्याच्यात. लेकरं होते. नियम खोटा नाही."

"मंग तुमी कसे आले?"

"बोर्डावरून दोन टोकन काढले, तुयं आन माझं, आन शिपायाले देऊन आलो. परत नाही आलो तं समजाले पायजे कोन राह्यलं." मग म्हणाले, "शिपाई म्हने नका जाऊ. मले त्याचं ऐकूच नाही आलं वं."

राग होताच, पण त्याखाली काहीतरी हललं, आणि त्याने मी जास्तच चिडले. "यापुढं मले मोजत नका जाऊ," मी म्हटलं. "मोजू नका. पाहत जा."

ह्यांनी ब्रेक लावला. सायकल उभी करून मागे वळले आणि मला पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसे कधी क्रेनच्या दोराला पाहत असतील.

"तुयी चप्पल कुठं गेली?"

एक चप्पल ट्रकमागे धावताना काट्यांत गेली होती आणि तळव्यातून रक्त येऊन वाळलं होतं. सारा वेळ मी तशीच होते, आणि मलाही ते विसरायला झालं होतं. हे खाली धुळीत बसले आणि आपले सेफ्टी बूट सोडायला लागले, लोखंडी टोकाचे, नऊ नंबरचे. माझ्या पायात ते होडीसारखे झाले असते. मी सांगितलं, नको, चालेल, मी बसूनच तर आहे. ह्यांनी ऐकलं नाही, आणि नाडी गाठीतून सुटेना. मग मी त्या खाली बसलेल्या माणसाच्या खांद्याला धरून मोठ्याने रडले, आणि पुढे चालणारा कुऱ्हाडवाला पाठ फिरवून, आमचं आटपेपर्यंत, उभा राहिला.