सरस्वती मढवीचा पत्र्याचा डबा

तळवलीत शहाण्णव सालच्या सुमाराला एक गोष्ट हळू आवाजात सांगितली जायची. सरस्वती मढवीच्या देव्हाऱ्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, आणि त्या डब्यात तिनं माणसं बांधून ठेवली आहेत. एकेका माणसाचं नाव एकेका चिठ्ठीवर, चिठ्ठीला दोरा, आणि दोऱ्याजवळ रक्ताचा डाग.

ही गोष्ट बाहेर आणली शेजारच्या शेवंताबाईनं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मढव्यांकडे गेली होती. सरस्वती आत तिळगूळ आणायला वळली, तेवढ्यात हिनं कुंकवाचा करंडा शोधायचा म्हणून डबा उघडला. करंडा समोर पाटावरच होता, हे मात्र तिनं पुढं कुठं सांगितलं नाही.

"सगली नावं इंग्रजीत हायेत," ती दुसऱ्या दिवशी नळावर म्हणाली. "आपल्या देवाला वाचता येऊ नये म्हनून."

मग काय, गावात ज्याचा ताप उतरेना त्याचं नाव डब्यात आहे असं ठरू लागलं. हौसेराव दुकानदाराचा फ्रीज बिघडला, तोही डब्यात गेला. सर्वांत मोठा पुरावा होता सरस्वतीचा नवरा, कमळाकर. तो बायकोसमोर तोंड उघडत नाही, म्हणजे पहिली चिठ्ठी त्याचीच. खरं तर कमळाकर लग्नाआधीही बोलत नसे. त्याच्या आईला तो मुका आहे की काय अशी शंका चौथ्या वर्षापर्यंत होती. पण असल्या गोष्टी पुराव्याच्या आड येऊ द्यायच्या नसतात. मी स्वतः ही बातमी तीन-चार घरी पोचवली. वाढवली फक्त दोन घरी.

आता सरस्वतीबद्दल. शिक्षण सातवी, कारण आठवीची शाळा लांब होती. बापाचं मिठागर सरकारनं घेतलं तेव्हा ती दहा वर्षांची. लग्नानंतर पोरं मोठी झाली आणि ती रबाळ्याला कामाला लागली. रबाळ्याच्या एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या शेडमध्ये मुंबईतल्या एका जुन्या संग्रहालयाचे पक्षी त्र्याण्णव साली आणून ठेवले होते. मूळ इमारतीचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत, एवढ्याच बोलीवर. दशक संपलं तरी ते तिथंच होते.

हे पक्षी फांदीवर बसवलेले, काचेच्या डोळ्यांचे नव्हेत. आतलं सगळं काढून कापूस भरलेले, पंख मिटून कपाटाच्या खणात ओळीनं उताणे झोपवलेले. डोळ्यांच्या जागीही कापूस. दोन्ही पाय एकावर एक ठेवून त्यांना दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: कुठं मारला, कधी, कोणी. चिठ्ठी गेली की पक्षी म्हणजे नुसती कापसाची पिशवी.

सरस्वती तिथं झाडायला आणि डांबरगोळ्या बदलायला होती, रोजंदारीवर. भांडार सांभाळत मानसिंगराव, साताऱ्याकडचे. मिशी कातरलेली, टेबल दिवसातून दोनदा पुसायचं. मेल्या पक्ष्यांपेक्षा त्यांना धुळीचा जास्त राग. हजेरीवर सरस्वतीची सही पाहून ते म्हणाले, "अक्षर तर छापल्यासारखं हाय गं तुजं. इंग्रजी येतं का लिवायला?"

"वाचाय नाय येत. बघून लिवता येतंय."

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून नव्या, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. प्रत्येक पक्ष्याला जुनीच्या जोडीला एक नवी बांधायची, असं सोबतच्या पत्रात होतं. मानसिंगरावांना ते पटलं नाही.

"एका पायात दोन-दोन चिठ्ठ्या? बाजारातली कोंबडी हाय का ती? जुनं नाव न् गाव नवीवर उतरव, नवी बांध, जुनी काढ. आन् जुन्या मागं नेऊन जाळून टाक."

सरस्वतीनं पाच खण केले. मग नव्या चिठ्ठ्या संपल्या, म्हणून बाकीची कपाटं बचावली.

त्या पाच खणांतल्या जुन्या चिठ्ठ्या तिनं काढल्या. जाळायला मात्र तिचा हात धजला नाही. कागदावर अक्षर असलं आणि पाय लागला तर कागद कपाळाला लावायचा, एवढं तिला घरी शिकवलेलं. तिचं स्वतःचं नाव सरस्वती. शंभर वर्षांपूर्वीचं कोणाचं तरी सुबक अक्षर ती चुलीत कशी घालणार? तिनं त्या चिठ्ठ्या जेवणाच्या डब्यातून, मानसिंगरावांच्या नाकाखालून घरी नेल्या. गेटवर ते येता-जाता प्रत्येकाची पिशवी बघत, पण बोंबलाच्या कालवणाचा डबा उघडायची त्यांची तयारी नसे.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात राजेश्वरी आली. तुर्भ्याला राहणारी, बाप वाशीच्या बाजारात माथाडी, पोरगी प्राणिशास्त्र शिकलेली. तिला संग्रहातल्या 'टाइप' नमुन्यांची यादी करायची होती. एखाद्या पक्ष्याला जगात पहिल्यांदा नाव देतात तेव्हा जो एक पक्षी समोर ठेवून देतात, तो टाइप. पुढं कुठंही वाद झाला तर शेवटी त्याच पक्ष्याकडे यावं लागतं. बदली पक्षी चालत नाही.

"गाव कुठलं मॅडम?" मानसिंगरावांनी विचारलं.

"कोरेगाव तालुका, सातारा."

"मग मॅडम कशाला म्हनायचं," ते म्हणाले आणि तिला स्वतःच्या डब्यातली चटणी दिली.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. एकोणीस टाइपांपैकी अठरा सापडले. एकोणिसावा होता एक वटवट्या, बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा. जुन्या नोंदवहीत होता, तिसऱ्या खणात. राजेश्वरीनं खण ओढला. आत त्या नावाचे अकरा पक्षी होते. अकराही एकाच गावचे, एकसारखे, आणि प्रत्येकाच्या पायात स्वच्छ, नवी, सुंदर अक्षरातली चिठ्ठी. टाइपाच्या पायात खूण म्हणून लाल काठाची चिठ्ठी असते, ती जुनी चिठ्ठी एकाच्याही पायात नव्हती.

"जुन्या चिठ्ठ्या कुठायत?" तिनं विचारलं.

मानसिंगराव टेबल पुसायला लागले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"काका, यातला टाइप कुठला हे त्या चिठ्ठीशिवाय कळणार नाही. मला यादीत 'हरवला' असं लिहावं लागेल. कसा हरवला तेही लिहावं लागेल."

"चिठ्ठ्या सरस्वतीनं बदलल्या," मानसिंगराव म्हणाले. "अक्षर तिचंच हाय."

ते खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

आता सरस्वतीची अडचण बघा. त्याच महिन्यात रोजंदारीवरच्यांना कायम करायची यादी मुंबईला जायची होती आणि तिचं नाव तीत होतं. गप्प बसली तर चिठ्ठ्या फेकणारी बाई म्हणून नाव कापलं जाणार. डबा आणून दिला तर संग्रहालयाची वस्तू बाहेर नेली म्हणून चोर ठरणार, आणि चोराला कोणी कायम करत नाही. मानसिंगरावांचं नाव घ्यावं, तर ते कधीही कानांवर हात ठेवतील. लेखी काही नव्हतं.

तिनं घरी जाऊन कमळाकरला सगळं सांगितलं. त्यानं जेवण संपवलं, हात धुतले, आणि देव्हाऱ्यातून डबा काढून तिच्या पिशवीत ठेवला. त्या वर्षातलं त्याचं हे सर्वांत लांब भाषण.

सकाळी गेटवर तिनं पिशवी स्वतःच उघडून दाखवली.

"ह्ये काय?" मानसिंगरावांनी विचारलं.

"तुमी जालाय सांगलेल्या त्या चिठ्ठ्या."

मानसिंगरावांनी तिला आत जाऊ दिलं. राजेश्वरीनं टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि डबा उघडला. आत जाळ्याच्या सुतळीच्या पाच माळा होत्या, एका खणाची एक. प्रत्येक चिठ्ठी आपल्या जुन्या दोऱ्यासकट ओवलेली.

"या ओळीनं आहेत? पक्षी होते त्याच ओळीनं?"

"मंग? आमी निवट्या धरतो खाडीत, त्या पन अशाच ओवतो काडीत. ईस्कटल्या की मोजता येत नाय."

राजेश्वरीनं तिसऱ्या खणाची माळ उचलली. खणात त्रेचाळीस पक्षी, माळेत त्रेचाळीस चिठ्ठ्या. लाल काठाची चिठ्ठी वरून सातवी निघाली. तिनं खणातला सातवा पक्षी उचलला. तो भलताच निघाला, दुप्पट मोठा, पिवळ्या पोटाचा. वटवट्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"ओळ चुकलीय," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. मानसिंगरावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

सरस्वतीनं माळ हातात घेतली. "वरशी नका मोजू, बाई. पैली धरलेली निवटी काडीत खाली जाते ना? तशी पैली चिठ्ठी खाली. वरची ती शेवटची."

राजेश्वरीनं खणाच्या दुसऱ्या टोकाकडून मोजलं. सातवा पक्षी त्या अकरांपैकी एक होता. चिठ्ठीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं की पंख दोन इंच आणि एक दशांश, डाव्या पायाचं मागचं नख तुटलेलं. तिनं पंख मोजला. मग भिंग घेऊन पाय बघितले, आणि उरलेल्या दहांचेही बघितले. तुटलेलं नख त्या एकाचंच होतं.

"हाच," ती म्हणाली. मग वही उघडली. "जुन्या चिठ्ठ्या काढायला कोणी सांगितलं, ते लिहायला लागेल."

सरस्वती डांबरगोळ्यांच्या पाकिटाकडे बघत उभी राहिली. तिनं नाव घेतलं नाही.

"लिव," मानसिंगराव म्हणाले. "काढायला म्या सांगितलं. जाळायला बी म्याच. तिनं ऐकलं न्हाई एवढंच." आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. एरवी ते कोणाला चहा सांगत नसत.

पाचही माळांतल्या चिठ्ठ्या पुन्हा आपापल्या पायांत बांधायला सरस्वतीला नऊ दिवस लागले. नव्याही तशाच ठेवल्या, शेजारी. छापील यादीत एकोणिसाव्या नमुन्याखाली तिचं नाव एका ओळीत आहे: मूळ चिठ्ठ्या एस. मढवी यांनी क्रमानं जपल्या. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईहून एक पाकीट आलं. त्यात दोन कागद होते. एक, संग्रहातली वस्तू परवानगीशिवाय घरी नेल्याबद्दल ताकीद. दुसरा, कायम केल्याचा हुकूम. दोन्हीवर तारीख एकच. मानसिंगरावांना नुसती ताकीद आली. ती त्यांनी घडी करून फाइलला लावली, व्यवस्थित.

शेवंताबाईला यातलं काही पटलं नाही. "डबा रिकामा केला म्हंजे होता ना काय तरी," असं ती म्हणायची, आणि तर्क म्हणून त्यात चूक काढता येत नाही. म्हणून एकदा होतं तसं सांगून टाकतो.

डब्यात दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या. तपकिरी डाग पक्ष्यांच्या चरबीचे होते. नावं होती ती पक्ष्यांची, गावांची आणि पक्षी मारणाऱ्यांची, आणि ते सगळे केव्हाच आपापल्या वयानं मेलेले होते. डबा देव्हाऱ्यात होता, कारण मढव्यांच्या घरात उंदीर पोचत नसत अशी तेवढी एकच फळी होती.