खवलं न काढलेली तांबोशी

निवृत्त झाल्यावर आमचे हे सहा महिने खुर्चीतून हलले नाहीत. मग एका रविवारी इस्त्रीचा कुर्ता चढवून, कानात अत्तराचा बोळा घालून म्हणाले, "सिनेमाला जातो." घाटकोपरला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता जगभरचे कलात्मक सिनेमे दाखवतात म्हणे. मारामारी नसली की दहाव्या मिनिटाला घोरणारा हा माणूस असल्या सिनेमासाठी मुलुंडहून घाटकोपर गाठणार? माझा स्वभाव जन्माचा संशयी. कोळणीच्या हातावरसुद्धा माझा भरवसा नाही, माशाची खवलं मी घरी आणून स्वतः काढते. चौतीस वर्षं काढतेय. मनात म्हटलं, बाईच असणार.

चौथ्या रविवारी मीही साडी नेसून तयार झाले.

"अगं, तुला कंटाळा येईल," हे म्हणाले. माझा संशय पक्का झाला.

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि बायका फक्त चार. त्यातल्या दोघी माझ्याहून म्हाताऱ्या. तरी दिवे मालवेपर्यंत मी चौघींवर नजर ठेवून होते.

सिनेमात एक बाई स्वयंपाकघरात मासा साफ करत होती. किती वेळ? माझा एका वेळचा भात शिजला असता. मग कपाटातून एक पोस्टमन बाहेर आला आणि भिजलेली छत्री तिच्या हातात देऊन पुन्हा कपाटात गेला. मी खुदकन हसले. बाकी कुणीच हसलं नाही, तेव्हा मला या लोकांचाच संशय यायला लागला. कळतंय का यांना काही, की एकमेकांकडे बघून माना डोलवतायत? शेवटी त्या बाईने दुसरा मासा शिजवला, खवलांसकट, आणि घरच्यांना वाढला. घरच्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. संपला सिनेमा.

नंतर चहा आणि चर्चा. तिथे रीत अशी, की प्रत्येकाने उभं राहून काहीतरी बोलायचंच. मी म्हणाले, "दुसऱ्या वेळी दिग्दर्शक खवलं काढायला विसरला. त्याने जन्मात मासा साफ केलेला दिसत नाही." सगळे हसले. यांनी मान खाली घातली.

मग हे उठले. घरी यांचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "टीव्हीचा आवाज कमी कर". इथे मात्र शांतपणे म्हणाले, "खवलं विसरलेली नाहीत. रोज निगुतीने साफ करणारी बाई एक दिवस मासा तसाच वाढते. माझं काहीतरी बिनसलंय, हे ती त्यातून सांगतेय. आणि जेवणाऱ्यांपैकी एकालाही ते दिसत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांचा आवाज जरा भरून आला होता, तसा मी लग्नापासून दोनदाच ऐकलाय.

म्हणजे बाई होतीच, फक्त पडद्यावर होती. मला तिचा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? रिक्षात मी तोंडातून शब्द काढला नाही. यांच्या ते लक्षात आलं नाही.

पुढचा आठवडाभर एकच प्रश्न डोक्यात होता. परक्या मुलखातल्या बाईचं इतकं दिसतं, मग माझं दिसतं का?

रविवारी तांबोशी आणली. तिला हळद-तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळवली, तळली. खवलं काढली नाहीत. स्वयंपाकात कामचोरी मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. ताट वाढलं आणि समोर बसले.

यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. जिभेवरून खवल्याची एक चकती काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. विचारा ना, मी मनात म्हणत होते, एकदा तरी विचारा.

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोळीण हल्ली फसवते गं तुला," हे म्हणाले. "खवलं नीट काढून देत नाही. दुसरीकडून घेत जा."

मग हात धुतले, मी इस्त्री करून ठेवलेला कुर्ता घातला आणि साडेतीनला सिनेमाला गेले.