पत्र्याच्या दोन बाजूंना

घोडेगावच्या बाजारात बैलांचा भाव सगळे विचारायचे. आमच्या डुकरांचं नाव काढलं की नाकं मुरडायचे. घेणारा एकच, पुण्याहून टेम्पो घेऊन येणारा व्यापारी. एका हिवाळ्यात त्यानं भाव इतका पाडला की आईनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर तिनं डुकरांच्या वाड्यात मधोमध पत्रा उभा केला. नर अलीकडे राहिला, डुकरिणी पलीकडे. भाव नसताना नवी पिल्लं पोसायची कुणी? आहेत त्यांच्या खाण्यापुरतं कमवायला वडील ऊसतोडीला गेले.

त्या दुपारी अजून डोळ्यांवर झापड आणतात. पाचट जाळल्याचा धूर शिवारावर तरंगत असायचा. उन्हानं कोमट झालेल्या पत्र्याला दोन्हीकडून पाठ लावून नर आणि थोरली डुकरीण झोपायची. आई उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत राहायची, आणि तिच्या मांडीवर मी पेंगायचो.

शिमग्याच्या आसपास टेम्पो पुन्हा आला. या खेपेला आईनं चहा टाकला. व्यापारी गेल्यावर तिनं कप विसळले, वाड्यात जाऊन पत्रा ओढून काढला आणि पदराला हात पुसत मला म्हणाली, "जा, तुझ्या बापालाबी निरोप धाड. म्हनावं, या आता घरी."