गाठीत बदल सापडला

ठोकळेमामा. खरे नाव हजेरीपटात होते. ते वाचणारा फक्त हजेरीचा कारकून. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढणे, हे काम त्यांनी रुग्णालयाच्या तपासणीकक्षात चौतीस वर्षे केले. पुढील हकिगत बत्तिसाव्या वर्षाची.

मामांच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या जठरात गाठ निघाली. शस्त्रक्रियेपूर्वी ती गोळ्यांनी लहान करणे भाग होते. आणि गोळी लागू पडेल की नाही, हे गाठीच्या जनुकात एक विशिष्ट बदल आहे की नाही, यावर ठरणार होते. मामांनीच काप काढून जनुक तपासणीस धाडला. अहवाल आला : ‘बदल आढळला नाही.’

ताई धावतच दारात आली. “अरे, काहीच नाही निघालं! सुटलो!”

मामांचा चेहरा उतरला. “ताई, तो बदल निघायला हवा होता गं. गोळी नेमकी त्यावरच चालते.”

“म्हणजे बिघाड निघावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे? तुझ्या कामाची तऱ्हाच उलटी!”

मामांना चैन पडेना. त्यांनी धाडलेल्या कापाचा जोडकाप, म्हणजे त्याच ठोकळ्यातला लगतचा काप, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जवळजवळ सगळी जठराची निरोगी भिंत. गाठ कडेला नखभर. घाईत ठोकळा वरवरच कापला गेला होता; तपासली गेली ती गाठ नव्हे, भिंतच.

“चूक माझ्या हातची,” त्यांनी कक्षाच्या प्रमुख डॉक्टर मॅडमना सांगितले.

“इतक्या वर्षांतली पहिली चूक, आणि तीही मेहुण्यांच्या वाट्याला? माणूस बरा निवडलात, मामा!” म्हणत मॅडमनी नव्या, खोल कापावर गाठीभोवती शाईची रेघ ओढली. रेघेच्या आतले तेवढेच खरवडून मामांनी पुन्हा धाडले.

दहा दिवस मामा रोज आलेले अहवाल चाळत राहिले. अकराव्या दिवशी नवा अहवाल हाती पडताच त्यांनी ताईला फोन लावला आणि ओरडलेच, “सापडला! बदल सापडला!”

फोन भावोजींनी हिसकावला. “माझ्या पोटात बिघाड सापडला म्हणून तू नाचतोयस?”

“हो भावोजी! अगदी हवा तोच!”

“मग नाच बाबा. मीही नाचतो, पोट धरून.”

आठ महिन्यांत गाठ तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि शस्त्रक्रियेने निघाली. चुकांच्या वहीत मामांनी आपली चूक स्वहस्ते, तारखेसह नोंदवली. तेव्हापासून कोणताही काप जनुक तपासणीस जाण्यापूर्वी गाठीभोवती रेघ आणि खाली दुसऱ्याची सही, हा कक्षाचा नियम ठरला. गाठ पुन्हा उद्भवू नये म्हणून भावोजींची गोळी मात्र मामांच्या निवृत्तीनंतरही दोन वर्षे चालायची होती. ती ते कुरकुरत, पण न चुकता घेत.