रविवारी पुडी नाही

प्रिय इरा आणि नील,

तुम्ही पाठवलेलं यंत्र पोचलं. माशांच्या टाकीवर बसवायचं, वेळ लावून द्यायची, मग ते आपोआप खाणं टाकतं आणि आजी तिकडे यायला मोकळी. विचार प्रेमाचा आहे. पण खोकं मी अजून उघडलेलं नाही. ज्यांना विचारून उघडलं असतं ते आबा गेल्या महिन्यात चाळीसगावला वारले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, म्हणून लिहिते.

आबा जळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. मूळचे पिंपळनेरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभी हयात काढलेली. मी इथे नवीन राहायला आले तेव्हा ओळख करून घ्यायला त्यांच्याकडे गेले. दारातच काचेची टाकी, तिच्यात पाच सोनेरी मासे. मी जवळ जाताच पाचही काचेला येऊन तोंडं उघडायला लागले. शेजारी खाण्याचा डबा होता. मी सहज उचलला.

"बाई, डबा खाली ठेवा."

माझं नावही विचारलं नव्हतं अजून. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, आतून हाक मारली, "अहो, त्या पाव्हण्या शेतस! आधी बसा तरी म्हणा."

आबांचे नियम ठरलेले होते. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, हे पहिलं वाक्य. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं, राहिलेलं कुजतं आणि पाण्याला विष करतं. रविवारी उपास. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, बोट वर करून सांगितलेलं: "मासानं तोंड उघडंच ऱ्हास, बाई. त्याले भूक समजू नका." मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलांना वह्यांत समास सोडायला लावला. मला शिस्तीचा माणूस आवडतो. आमचं जमलं.

ते दोघं गावाला गेले की घराची किल्ली आणि मासे माझ्याकडे. आबा औषधाच्या पुड्यांसारख्या कागदाच्या पुड्या बांधून देत, प्रत्येकीवर वार लिहिलेला. रविवारची पुडी नसे. डबा मात्र ते पिशवीत घालून बरोबर नेत. मी एकदा रागावले, "आबा, माझ्यावर एवढा अविश्वास?"

"तुमच्यावर नाही हो. तुमच्या मायेवर."

मग अक्का आजारी पडल्या आणि त्यांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं. मे महिना होता. आबांनी चार पुड्या दिल्या, पाचव्या दिवशी परत येतो म्हणाले. टाकीवरून हात फिरवून म्हणाले, "तिला घरी यायची ओढ आहे ती यांचीच. सकाळचा चहा यांच्यासमोर बसून घेते. हे नीट राहिले पाहिजेत, बाई."

पाचव्या दिवशी फोन आला. अक्कांचं दुखणं वाढलं होतं, आणखी चार दिवस तरी निघता येणार नव्हतं. मी पहिला प्रश्न तोच विचारला, "पुड्या संपल्या आबा, आता?"

"उपाशी राहू द्या. चार दिवसांनी काही होत नाही त्यांना. वरून काही टाकू नका."

एक दिवस मी पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर पाचही जण काचेला येऊन तोंडं उघडून उभे. ज्यांच्या घरची बाई तिकडे खाटेवर पडली आहे, त्यांच्या दारातले जीव माझ्या राज्यात उपाशी! आपल्या खानदेशात दारात आलेल्या कुत्र्यालाही कोणी रिकाम्या तोंडाने घालवत नाही. घरी माझ्या ताटात कळण्याची, उडीद-ज्वारीच्या पिठाची भाकरी होती, ती घेऊन आले. कोर काढली, बारीक कुस्करली आणि टाकली. तुटून पडले. इतकं बरं वाटलं मला, की संध्याकाळी पुन्हा टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखं दिसलं. भाकरीचा गाळ तळाशी बसला होता. मला वाटलं, दुपारपर्यंत निवळेल. दुपारी वीज गेली. हवेचा पंप बंद पडला. जळगावचा मे तुम्हाला माहीत नाही. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पाचही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. आता ते खाणं मागत नव्हते, एवढं मलाही कळलं.

मी आबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग पिंपातलं साठवलेलं पाणी आणलं, टाकीतलं थोडं थोडं काढलं, तितकंच नवं घातलं. मग मगमध्ये टाकीतलंच पाणी घ्यायचं, उंचावरून परत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. हात भरून आले तरी थांबले नाही. मोठ्याने बोलत होते मी, त्या माशांशी. अक्का येऊ देत रे, तोवर थांबा. वीज आली तेव्हा चार उलटे तरंगत होते. एक कोपऱ्यात होता, शेपटी फाटलेला. त्याचे कल्ले हलत होते.

हे फोनवर सांगायचं माझं धाडस झालं नाही. त्या रात्री नवं पाणी पुन्हा घातलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने धुळे गाठलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, सांगायचं वाक्य काही जुळेना.

दवाखान्यात अक्कांच्या खाटेपाशी आबा वाकून उभे होते. एका हातात पेजेची वाटी, दुसऱ्यात चमचा. अक्कांचे ओठ घट्ट मिटलेले.

"एक घास खाई ले ना वं," ते म्हणत होते. "एकच. मंग नही सांगस."

डोळ्याएवढं पोट सांगणारा हा माणूस. पेज अक्कांच्या हनुवटीवरून ओघळत होती आणि ते पुन्हा चमचा भरत होते.

अक्कांनी डोळे उघडले, मला ओळखलं. "बाई, मासा कसा शेतस?"

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी माझा चेहरा एकदाच वाचला, आणि माझ्याआधी बोलले, "बठ्ठा बरा शेतस, पाची. बाईंनी डोळ्यात तेल घालून सांभाळले."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "किती राहिले?"

"एक. शेपटी फाटलेला." मग मी भाकरीचंही सांगितलं.

"कळणानी भाकर?" ते म्हणाले. "ते काय जवाई व्हतात का, बाई?" आणि हसले. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले. हातातला चमचा तसाच होता.

"आठ दिवस झाले, घास घेत नाही ती," चमच्याकडे बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, बळजबरीने भरवू नका, ठसका लागेल. मला कळतं ते. जन्मभर लोकांना मी सांगत आलो, उघडं तोंड म्हणजे भूक नाही. मिटलेल्या तोंडाला काय समजायचं, ते कोणी शिकवलंच नाही."

मी त्यांच्या हातातून चमचा काढून घ्यायला हवा होता. भाकरी टाकणाऱ्या बाईने तो कुठल्या तोंडाने काढून घ्यायचा? मी शेजारी बसून राहिले.

अक्का घरी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या, मासे बरे आहेत असं समजून.

अक्कांचे दिवस झाल्यावर त्यांची मुलगी आबांना चाळीसगावला घेऊन गेली. निघताना त्यांनी टाकी माझ्या दारात आणवली आणि पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "आबा, मला नका देऊ." ते म्हणाले, "आता तुम्हालाच द्यायचा. तुम्ही पाहिलं आहे."

त्यानंतर दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई. एकच प्रश्न.

"आज काय दिलं?"

"काही नाही."

"शाबास."

गेल्या महिन्यात एका रविवारी फोन आला नाही. दुपारी मुलीचा आला.

दिवाळीत मी तुमच्याकडे पंधरा दिवस येते. यंत्र मी परत घेऊन येते, तिकडे कोणाला तरी द्या. पाणी बिघडलं तरी ते पाण्याकडे पाहत नाही. समोरच्या वहिनींना मी रोज पाण्याकडे बघायला शिकवते आहे. तेरा पुड्या बांधून झाल्या, प्रत्येकीवर वार लिहिला आहे. दोन रविवारांच्या नाहीत. डबा मी माझ्या पिशवीतून तुमच्याकडे आणणार आहे, हसू नका.

टाकीत एक मासा आहे. त्याची शेपटी फाटलेली आहे. काल रविवार होता, त्याला काही दिलं नाही. आज सकाळी तो काचेला येऊन उभा होता.