हात वर येईपर्यंत

सावंतकाकींचा फोन आला तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. लालबागच्या चाळीत प्रमिलाताईंच्या शेजारची खोली त्यांची. "ताई दार उघडत नाही गो," एवढंच म्हणून त्यांनी फोन यांच्याकडे द्यायला सांगितला. प्रमिलाताई ही यांची थोरली बहीण, माझी नणंद. दादरहून टॅक्सी करून आम्ही लालबागला पोहोचलो. शेजाऱ्यांनी खिडकीतून हात घालून कडी काढली होती. ताई कुशीवर निजलेल्या, चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली... चाळीखालच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, झोपेतच हृदय थांबलंय म्हणाले. यांनी त्यांना एकच विचारलं, "ते परत आलं नव्हतं ना?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. ताईंच्या जुन्या कॅन्सरच्या शेवटच्या तपासणीचे रिपोर्ट त्यांनीच पाहिले होते आणि सगळं स्वच्छ होतं. तेव्हा हे तिथेच खाटेच्या कडेला बसले आणि रडायला लागले. दुःख तर होतंच, पण जीव भांड्यात पडलाय हेही मला त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं. आता दीडेक महिना होत आला. माझ्याही मनात ती दोन्ही अजून शेजारी शेजारीच आहेत.

ताई परळच्या एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या. ताठ मान, घट्ट अंबाडा, चालणं असं की रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला व्हावीत. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला, पोक काढून उभी राहू नकोस, असं सांगितलं होतं. लग्न त्यांनी केलं नाही. सासरे गिरणीत होते तेव्हाची ती लालबागची खोली, आईवडील गेल्यावरही त्यांनी सोडली नाही. आमच्याकडे दादरला येऊन राहा म्हटलं की म्हणायच्या, माझ्या खोलीत मी राणी आहे, तुमच्याकडे पाहुणी होईन. सणावारी जाणंयेणं होतं, मान होता, थोडा धाकही होता. जवळीक अशी नव्हती. ती पुढे झाली, आणि ती एका फोनची वाट बघताना झाली.

रिटायर होऊन काही वर्षं झाल्यावर त्यांना छातीत गाठ लागली. एकट्याच दवाखान्यात गेल्या, एकट्यानेच तपासण्या केल्या आणि ऑपरेशन ठरल्यावर आम्हाला कळवलं. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर मात्र त्या मुकाट्याने आमच्या घरी आल्या. ऑपरेशन चांगलं झालं होतं, केमोची गरज नव्हती, पण रेडिएशन घ्यायचं होतं. मशीन एक आणि माणसं ढीगभर... नंबर लागला की फोन करू, असं हॉस्पिटलने सांगितलं. मग मधेच ते मशीन दुरुस्तीसाठी बंद पडलं. थोडा उशीर आम्ही धरूनच चालतो, काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले. पण आयुष्यात कधी एका तासाला उशिरा न गेलेल्या बाईला हे कसं पटावं? त्यांनी फोन हातातून खाली ठेवणं सोडलं. आंघोळीला गेल्या की फोन घेऊन मी बाथरूमबाहेर उभी. कुणा नातेवाइकाने चौकशीला फोन केला तर दोन वाक्यांत, लाइन मोकळी ठेव, म्हणून त्याला कटवायच्या. एकदा जेवताना घास तसाच हातात धरून म्हणाल्या, "मुळासकट काढलं म्हणतात ते. पण एखादा कण राहिला असेल, तर तो काय यांच्या मशीनसाठी थांबून राहणार आहे?" मी त्यांना आमटी वाढली.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. जखम उसवेल या भीतीने त्या डावा हात पोटाशी धरून बसायच्या. व्यायाम सांगितले होते, ते त्यांनी दोन दिवस केले आणि सोडले. जन्मभर दुसऱ्यांना कवायत शिकवलेली बाई, तिला आठवण कोण करून देणार?

शेवटी फोन आला. इस्त्रीची साडी नेसून ताई निघाल्या, मी बरोबर. त्या दिवशी फक्त मापं घ्यायची होती. त्यासाठी टेबलावर उताणं निजून दोन्ही हात डोक्याच्या वर घ्यावे लागतात आणि अजिबात हलायचं नसतं. ताईंचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर स्वतः आल्या, हळूच उचलून बघितला, आणि म्हणाल्या की हात मोकळा झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आजची जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. बाहेरच्या बाकावर बसून ताई रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते, आणि कुठे हात ठेवावा हेही मला कळेना... बाकाच्या दुसऱ्या टोकाला डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती, सुरेखा नावाची, वरळी कोळीवाड्यात मासे विकणारी. ती सरकून जवळ आली.

"बाय, तुमचा नंबर मला दिलाय त्यांनी. राग धरू नका."

ताईंनी पदराने तोंड पुसलं. मग त्यांचा तो शाळेतला आवाज परत आला. "राग कसला? जा तू. नीट नीज, हलू नकोस. माझा नंबर वाया घालवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ताई भिंतीशी उभ्या. बोटं मुंगीसारखी चालवत हात वर नेत होत्या, स्विचबोर्डच्या खालपर्यंत. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी थांबा म्हणणार, तोच त्या मालवणीत पुटपुटल्या, "दुखता... पण येता." घरात त्या मालवणी फार क्वचित बोलायच्या. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हा तू सांभाळ. सोमवारी एकदा हॉस्पिटलला विचार. बाकीचे दिवस या घरात तो विषय नको. वाट बघायला आता मला वेळ नाही."

आणि खरंच त्यांनी वाट बघणं सोडलं. व्यायामासाठी आम्ही हॉस्पिटलला जायचो तेव्हा सुरेखाही रेडिएशनला आलेली असायची. आत काय होतं ते तिने ताईंना सांगितलं. नुसतं निजायचं, मशीन घूं करतं, दुखत काही नाही. ते ऐकून ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तितका डॉक्टरांच्या सांगण्याने कधी उतरला नव्हता. हळूहळू बाकावरच्या इतर बायकाही त्यांच्याकडे वळल्या. एक दिवस मी औषधं घेऊन आले तर पाच-सहा जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या आणि ताई मागून फिरत सांगतायत, खांदा उचलायचा नाही, बोटं चालवा, श्वास कोंडू नका. तिथली फिजिओथेरपिस्ट दारात उभी राहून हसत होती. त्यांतल्या कुणाचाच नंबर अजून लागला नव्हता. पण त्या अर्ध्या तासात कुणी, कधी लागेल, असं विचारलंही नाही.

पुन्हा मापं घ्यायला बोलावलं तेव्हा मी बाहेर बसले होते. दार उघडून ताई आल्या आणि फक्त म्हणाल्या, "गेला वर." मी त्यांना मिठी मारली. आमच्या नात्यात तोवर तशी पद्धत नव्हती.

पुढचं सगळं रीतसर पार पडलं. कातडी काळवंडली, थकवा आला, आणि गेला. शेवटच्या दिवशी सुरेखाने पापलेटं आणली होती. झालेल्या उशिराने काही बिघडलेलं नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तेव्हा कुठे ताईंनी फोन माझ्याकडून परत मागून घेतला. महिन्याभरात त्या आपल्या खोलीत राहायला गेल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं दर तपासणी स्वच्छ निघाली. ताई अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत हॉस्पिटलच्या त्या बाकापाशी नव्या बायकांचे हात वर करायला जात होत्या.

मागच्या रविवारी आम्ही खोली उघडली. सावंतकाकी आल्या, म्हणून चहा करायला घेतला. खालच्या फळ्या जवळजवळ रिकाम्या, आणि चहा-साखरेचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर, ओळीने. काकी म्हणाल्या, "ती तुमच्याकडनं परत आली ना, तेव्हा स्वतः वर लावले. मी म्हटलं, कित्याक गो एवढे वर? तर म्हणते, दिवसातनं दोनदा चहा घेते मी, तेवढा हात तरी वर जाईल."

मी टाचा उंचावल्या, हात ताणला. डबा बोटांना लागला, मग मुठीत आला. तिघांचा चहा झाला. जाताना हे म्हणाले, डबे खाली ठेव, कुणाला सापडायचे नाहीत. मी ते परत वरच ठेवले.